बिनतारी जाळ्यांतील ओळख-पडताळणी व प्रवेश-नियंत्रण

बिनतारी जाळ्यांतील ओळख-पडताळणी व प्रवेश-नियंत्रण : कार्यालय, कारखाना, दुकान, महाविद्यालय इ. संस्थांतील संगणक व तत्सम उपकरणे तारांऐवजी रेडिओ तरंगांनी परस्परांस जोडली असता, त्या जाळ्यात प्रवेश मागणारा कोण आहे हे तपासण्याच्या आणि त्यास कोठवर जाऊ द्यावयाचे हे ठरविण्याच्या पद्धती. तारेच्या जाळ्यात हा प्रश्न बव्हंशी इमारतीच्या भिंती व दरवाजेच सोडवीत असत. ज्यास खोलीत येता येत नाही, त्यास भिंतीतील जोडणीलाही हात लावता येत नाही. रेडिओ तरंग भिंतींना जुमानत नाहीत. रस्त्यावर उभ्या केलेल्या मोटारीतील मनुष्यास ते तितक्याच सहजतेने ग्रहण करता येतात. त्यामुळे जे काम पूर्वी कुलूप व पहारेकरी करीत, ते येथे गणिताने करावे लागते. ते कसे साधले व मध्यंतरी कसे फसले, हाच या विषयाचा इतिहास होय.

यात तीन गोष्टी परस्परांत मिसळलेल्या असतात. संदेश तिऱ्हाइतास वाचता येऊ नये म्हणून तो सांकेतिक रूपात पाठविणे यास कूटलेखन म्हणतात. समोरचा मनुष्य वा यंत्र जो असल्याचे सांगतो तोच आहे याची खात्री करून घेणे म्हणजे ओळख-पडताळणी. ओळख पटल्यावर त्याच्या अधिकारानुसार जाळ्याचा काही भाग खुला करणे व काही बंद ठेवणे म्हणजे प्रवेश-नियंत्रण. प्रारंभीच्या अभियंत्यांनी या तिन्हींसाठी एकच गुप्त किल्ली पुरेल असे मानले. पुढील बहुतेक दोषांचे मूळ या समजुतीत सापडते.

पूर्वेतिहास : संगणक रेडिओने जोडण्याचा पहिला मोठा प्रयोग हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी केला. ‘अलोहानेट’ हे त्यांचे जाळे १९७१ मध्ये निरनिराळ्या बेटांवरील केंद्रांना ओआहू बेटावरील संगणकाशी जोडू लागले. व्यापारी उपयोगाचा मार्ग मात्र १९८५ मध्ये मोकळा झाला. त्या वर्षी अमेरिकेच्या केंद्रीय संदेशवहन आयोगाने (एफसीसीने) औद्योगिक व वैद्यकीय उपकरणांसाठी राखलेल्या काही कंप्रतापट्ट्यांत परवान्यावाचून रेडिओ संदेशवहनास मुभा दिली. त्यांतील २,४०० ते २,४८३·५ मेगाहर्ट्झचा पट्टा पुढे सर्वांत महत्त्वाचा ठरला. एनसीआर कंपनीच्या नेदर्लंड्समधील अभियंत्यांनी दुकानांतील रोकड-यंत्रे बिनतारी जोडण्यासाठी या क्षेत्रात काम केले. त्यांच्यापैकी व्हिक हेस हे १९९० मध्ये स्थापन झालेल्या आयईईई ८०२·११ या मानक-समितीचे अध्यक्ष होते. समितीचे पहिले मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९९ मधील सुधारणेने वेग सेकंदास १·१ कोटी बिटांपर्यंत वाढला; त्याच वर्षी उत्पादकांची संघटना स्थापन होऊन ‘वाय-फाय’ हे नाव रूढ झाले.

तारेइतका खाजगीपणा : १९९७ च्या मानकात सुरक्षिततेसाठी ‘वायर्ड इक्विव्हॅलंट प्रायव्हसी’ (डब्ल्यूईपी अथवा ‘वेप’) ही पद्धती होती. तारेच्या जाळ्यात जेवढा खाजगीपणा सहज मिळतो तेवढा पुरवावा, एवढाच तिचा नावातून दिसणारा उद्देश होता. हे उद्दिष्ट मुळात माफक असूनही ते साधले नाही. वेपमध्ये रॉन रिव्हेस्ट यांनी १९८७ मध्ये रचलेली आरसी-४ ही कूटपद्धती वापरली होती. मूळ किल्ली ४० बिटांची होती. कूटलेखन-साधनांच्या निर्यातीवर अमेरिकन शासनाचे त्या काळी निर्बंध होते, हे तिच्या आखूडपणाचे कारण. प्रत्येक पॅकेटसाठी या किल्लीस २४ बिटांचा एक बदलता आकडा जोडीत व त्या जोडीपासून यदृच्छ भासणारी बिटांची माळ तयार करीत. ती माळ संदेशात मिसळली की सांकेतिक संदेश सिद्ध होई.

२४ बिटांचे एकूण १,६७,७७,२१६ आकडे होतात. संख्या मोठी भासते. परंतु १,५०० बाइटांची पॅकेटे पूर्ण वेगाने जात असता सुमारे पाच तासांत हे सर्व आकडे संपतात व जुनेच पुन्हा वापरावे लागतात. एकच माळ दोनदा वापरली गेली की दोन संदेशांची तुलना करून दोन्ही उलगडण्याचा मार्ग मिळतो. इंटेल कंपनीतील जेसी वॉकर यांनी ऑक्टोबर २००० मध्ये हे मांडले. किल्ली कितीही लांब केली तरी हा दोष जात नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील वर्षी बर्कली येथील निकिता बोरिसोव्ह, इयन गोल्डबर्ग व डेव्हिड वॅग्नर यांनी आणखी एक उणीव उघड केली : संदेशात मार्गात फेरफार केला तरी तो स्वीकारणाऱ्यास कळू नये अशी व्यवस्था करता येते. ऑगस्ट २००१ मध्ये स्कॉट फ्लुरर, इत्सिक मँटिन व आदी शमीर यांनी आरसी-४ च्या किल्ली-रचनेतील दुबळेपणा दाखविला. पुरेशी पॅकेटे गोळा केल्यास खुद्द किल्लीच काढता येते, हे त्यावरून सिद्ध झाले व काही आठवड्यांतच तसे करणारे आज्ञासंच सर्वांच्या हाती आले. २००७ मध्ये डार्मस्टाट येथील संशोधकांनी १०४ बिटांची किल्ली एका मिनिटाच्या आत काढून दाखविली.

ओळख-पडताळणीची वेपमधील रीत तर विशेष चमत्कारिक होती. प्रवेश मागणाऱ्या संगणकाकडे ॲक्सेस पॉइंट हे बिनतारी केंद्र १२८ बाइटांचा एक मजकूर उघड स्वरूपात पाठवी व तो संगणक तोच मजकूर सांकेतिक करून परत धाडी. ऐकणाऱ्यास अशा रीतीने मूळ मजकूर व त्याचे सांकेतिक रूप दोन्ही मिळत. एकातून दुसरा वजा केला की बिटांची माळ हाती येई आणि किल्ली ठाऊक नसतानाही पुढच्या खेपेस तिच्या साहाय्याने प्रवेश मिळविता येई. म्हणजे पडताळणी मुळीच न करणे हे अशी पडताळणी करण्यापेक्षा अधिक सुरक्षित होते. मेरिलंड विद्यापीठातील विल्यम आर्बो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २००१ मध्ये हे निदर्शनास आणले. जाळ्याचे नाव प्रसारित न करणे किंवा ठराविक यंत्र-क्रमांकांनाच प्रवेश देणे हे उपाय त्या काळी पुष्कळ कार्यालयांनी योजले. परंतु ते दोन्ही हवेतून उघडपणे जातात आणि यंत्र-क्रमांक बदलता येतो, म्हणून त्यांचा उपयोग नगण्य होता. पुढे मोबाइल यंत्रे आपला क्रमांक स्वतःहून बदलू लागल्यावर तर यंत्र-क्रमांकांची यादी ठेवणे हे प्रामाणिक वापर करणाऱ्यांनाच अडचणीचे झाले.

गणितातील हे दोष बाजूला ठेवले तरी व्यवसायांच्या दृष्टीने वेपमध्ये एक मूलभूत न्यून उरतेच. सर्वांची किल्ली एकच असे. दोनशे नोकरांच्या कचेरीत एकाने नोकरी सोडली तर दोनशे यंत्रांवरील किल्ली बदलणे प्राप्त होते. साहजिकच ती कोणी बदलीत नसे. शिवाय आत आलेला माणूस ‘किल्ली असलेला कोणीतरी’ एवढाच ओळखला जाई. तो कोण, हे जाळ्यास सांगता येत नसे.

व्यक्तिनिष्ठ पडताळणी : या न्यूनावरील उपाय बिनतारी क्षेत्राबाहेर आधीच तयार होता. टेलिफोनद्वारे दूरच्या संगणकाशी जोडले जाण्याच्या काळात मिशिगनमधील ‘मेरिट नेटवर्क’ या संस्थेस ठिकठिकाणच्या जोडणी-केंद्रांवर एकाच यादीनुसार वापरकर्ते तपासावयाचे होते. तिच्यासाठी लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या कंपनीने १९९१ मध्ये ‘रेडियस’ ही प्रणाली विकसित केली. जोडणी-केंद्राने स्वतः यादी न ठेवता मध्यवर्ती सर्व्हरला विचारावे, सर्व्हरने होकार वा नकार द्यावा, होकारासोबत अधिकारांचा तपशील पाठवावा व वापराची नोंदही ठेवावी, अशी तिची रचना आहे. रेडियसचे वर्णन १९९७ मध्ये इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजांत समाविष्ट झाले. १९९८ मध्ये ‘ईएपी’ ही विस्तारक्षम पद्धती आली. तीत परवलीचा शब्द, प्रमाणपत्र, कार्ड इ. निरनिराळ्या रीतींनी ओळख पटविण्याचे संवाद एकाच साच्यात बसविता येतात.

या दोहोंना जोडणारे ८०२·१एक्स हे मानक २००१ मध्ये संमत झाले. ते मूलतः तारेच्या जाळ्यांतील जोडणी-मुखांसाठी होते. त्यात तीन पक्ष असतात : प्रवेश मागणारे यंत्र, ॲक्सेस पॉइंट आणि रेडियस सर्व्हर. जुन्या वाड्याच्या देवडीवरील पहारेकरी पाहुण्यास स्वतः ओळखत नसे; तो आत वर्दी देई व आज्ञा आल्यावर दिंडी उघडी. ॲक्सेस पॉइंटचे काम नेमके असेच असते. सर्व्हरचा होकार येईपर्यंत तो ओळख-पडताळणीचे संदेश तेवढे पुढे सरकवितो व इतर सर्व वाहतूक अडवितो. होकार आल्यावर सर्व्हर व यंत्र यांनी मिळून निर्माण केलेली किल्ली त्याच्या स्वाधीन होते. ती त्या व्यक्तीपुरती व त्या बैठकीपुरतीच असते. नोकरी सोडणाऱ्याचे नाव सर्व्हरवरील यादीतून काढले की काम भागते, इतरांच्या यंत्रांना हात लावावा लागत नाही. होकारासोबत सर्व्हर आभासी जाळ्याचा क्रमांकही कळवू शकतो. त्यामुळे हिशेब विभागातील लिपिक, गोदामातील वाचकयंत्र व बाहेरून आलेला पाहुणा हे एकाच ॲक्सेस पॉइंटवरून येऊनही परस्परांपासून अलग राहतात.

वेपची जागा घेणारे ८०२·११आय हे मानक जून २००४ मध्ये संमत झाले. तोवर थांबणे बाजारास परवडणारे नव्हते. म्हणून वाय-फाय संघटनेने ऑक्टोबर २००२ मध्ये ‘डब्ल्यूपीए’ ही तात्पुरती व्यवस्था जाहीर केली. विकली गेलेली यंत्रे न बदलता केवळ आतील आज्ञासंच बदलून ती चालावी लागे, म्हणून तीत आरसी-४ च ठेवून प्रत्येक पॅकेटसाठी निराळी किल्ली बनविण्याची तजवीज केली होती. ८०२·११आय वर आधारलेल्या डब्ल्यूपीए-२ मध्ये एईएस ही बळकट कूटपद्धती आली, आणि मार्च २००६ पासून संघटनेच्या प्रमाणनासाठी ती सक्तीची झाली. या दोन्ही व्यवस्थांना दोन रूपे होती. घरगुती रूपात ८ ते ६३ अक्षरांचा एक सामायिक परवलीचा शब्द असे. व्यावसायिक रूपात ८०२·१एक्स. सामायिक शब्दाचा धोका रॉबर्ट मॉस्कोविट्झ यांनी नोव्हेंबर २००३ मध्येच सांगितला होता. जोडणीच्या वेळी होणारे चार संदेश टिपून ठेवल्यास नंतर निवांतपणे लक्षावधी शब्द ताडून पाहता येतात. शब्द सोपा असेल तर तो सापडतो. असे असूनही सर्व्हर चालविण्याचा खर्च व खटाटोप टाळण्यासाठी असंख्य लहान व्यवसायांनी घरगुती रूपच पत्करले.

टीजेएक्स प्रकरण : जुनी व्यवस्था बदलण्यास होणाऱ्या विलंबाची किंमत टीजेएक्स या अमेरिकन किरकोळ विक्री कंपनीच्या प्रकरणात उघड झाली. जुलै २००५ पासून तिच्या संगणकांत परक्यांचा शिरकाव झाला होता, आणि तो जानेवारी २००७ मध्ये जाहीर झाला. सुमारे साडेचार कोटी पतपत्रांचे व बँक-कार्डांचे क्रमांक चोरीस गेल्याचे कंपनीने सांगितले. कॅनडाच्या खाजगीपणा-आयुक्तांनी सप्टेंबर २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार हा शिरकाव फ्लॉरिडातील मायामी येथील दोन दुकानांच्या बिनतारी जाळ्यांमधून झाला असावा. तेथे त्या वेळी वेप वापरात होते. कंपनीने डब्ल्यूपीएकडे वळण्याचे ठरविले होते, पण ते काम पूर्ण झालेले नव्हते. वेपचे दोष चार वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झालेले असल्याने विलंबाची सबब आयुक्तांनी मान्य केली नाही. दुकानाच्या दारातून मध्यवर्ती संगणकापर्यंत वाट मोकळी असणे, हा प्रवेश-नियंत्रणाच्या अभावाचा भाग कूटलेखनाच्या दुबळेपणाइतकाच घातक ठरला. या कटाचा सूत्रधार अल्बर्ट गोन्सालेझ यास मार्च २०१० मध्ये वीस वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. कार्ड-व्यवहारांच्या सुरक्षा-मानकाने ३१ मार्च २००९ नंतर वेपची नवी जाळी उभारण्यास व ३० जून २०१० नंतर जुनी चालू ठेवण्यास मनाई केली.

भारतातील घडामोडी : भारतात २·४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील अल्पशक्तीची उपकरणे परवान्यातून मुक्त करणारे नियम जानेवारी २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर घरांत व कचेऱ्यांत वाय-फायचा प्रसार झपाट्याने झाला. उपकरण पेटीतून काढून तसेच चालू करण्याची पद्धत सर्रास होती. परवलीचा शब्द घालणे बहुतेकांच्या गावीही नसे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट होण्यापूर्वी काही मिनिटे वृत्तसंस्थांना एक धमकीचा ई-मेल गेला. तपासात तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरच्या इंटरनेट जोडणीवरून गेल्याचे आढळले. घरातील बिनतारी जाळे खुले होते व ते दुसऱ्याच कोणी वापरले होते. त्यानंतरच्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत असेच ई-मेल मुंबईतील एका महाविद्यालयाच्या व चेंबूर येथील एका खाजगी कंपनीच्या जाळ्यांतून पाठविण्यात आले. तिन्ही ठिकाणी जोडणीच्या मालकास पोलिसांच्या चौकशीला सामोरे जावे लागले. तोवर बिनतारी सुरक्षितता म्हणजे आपली गुपिते राखणे असाच सर्वसाधारण समज होता. खुल्या जाळ्यामुळे परक्याचे कृत्य मालकाच्या नावावर लागू शकते, ही तिची दुसरी बाजू या घटनांनी मुंबईकरांपुढे ठेवली. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी खुली जाळी शोधण्यासाठी शहरात फेऱ्या सुरू केल्या.

केंद्रीय दूरसंचार विभागाने २३ फेब्रुवारी २००९ रोजी इंटरनेट सेवादात्यांना सूचना दिल्या. वाय-फायचा वापर मध्यवर्ती पडताळणीनंतरच व्हावा, सार्वजनिक ठिकाणी वापरकर्त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी अथवा त्याच्या मोबाइलवर परवलीचा शब्द पाठवावा, असा त्यांचा आशय होता. रेल्वे स्थानके, उपाहारगृहे व विमानतळ येथे मोबाइल क्रमांक विचारणारे जे पान प्रथम उघडते, त्याचा उगम येथे आहे. मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये सुरू झालेल्या सार्वजनिक सेवेतही हीच रीत होती. या पद्धतीत वापरणाऱ्याची नोंद होते, पण अशा ठिकाणी हवेतील दुवा बहुधा कूटलेखनावाचून खुलाच असतो. आलेल्याचे नाव वहीत लिहून घ्यावे व संभाषण मात्र चव्हाट्यावर चालू द्यावे, असा हा प्रकार आहे. याउलट शैक्षणिक संस्थांतील ‘एज्युरोम’ ही व्यवस्था ८०२·१एक्स वर आधारलेली आहे. २००२–०३ च्या सुमारास यूरोपात सुरू झालेल्या या व्यवस्थेत एका विद्यापीठाचा विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठात गेला असता त्याची विचारणा रेडियस सर्व्हरांच्या साखळीतून त्याच्या मूळ संस्थेकडे जाते. यजमान संस्थेस त्याचा परवलीचा शब्द कळत नाही. भारतात अर्नेट ही संस्था तिचे व्यवस्थापन करते.

सर्व्हरची ओळख : ८०२·१एक्स स्वीकारल्याने सर्व प्रश्न मिटले असे झाले नाही. त्याच्या अंतर्गत कोणती ईएपी पद्धती निवडावी, यावर सुरक्षितता अवलंबून असते. सिस्को कंपनीने २००० मध्ये आणलेली ‘लीप’ पद्धती सोपी असल्यामुळे लोकप्रिय झाली. परंतु तीतील संवाद टिपून परवलीचे शब्द ताडता येतात, हे जोशुआ राइट यांनी २००३ मध्ये दाखविले. सर्वांत बळकट पद्धती ‘ईएपी-टीएलएस’ ही होय. तीत यंत्र व सर्व्हर दोघेही एकमेकांस प्रमाणपत्र दाखवितात व परवलीच्या शब्दाची गरजच राहत नाही. प्रत्येक यंत्रासाठी प्रमाणपत्र काढणे, ते मुदतीपूर्वी बदलणे व हरवलेल्या यंत्राचे रद्द करणे हा मोठा उद्योग असल्याने पुष्कळ संस्थांनी ‘पीप’ ही मधली वाट धरली. तीत प्रमाणपत्र फक्त सर्व्हरचे असते. त्याच्या आधारे एक सुरक्षित मार्ग तयार होतो व त्यातून वापरकर्त्याचा परवलीचा शब्द पडताळला जातो.

ही वाट एका अटीवर सुरक्षित आहे : यंत्राने सर्व्हरचे प्रमाणपत्र खरोखर तपासले पाहिजे. प्रत्यक्षात जोडणीच्या वेळी प्रमाणपत्राविषयी आलेली सूचना न वाचताच मान्य करण्याकडे लोकांचा कल असतो. काही यंत्रांवर तर तपासणी बंद ठेवण्याची सोय होती आणि ती तक्रारी टाळण्यासाठी वापरली जाई. त्याच नावाचा बनावट ॲक्सेस पॉइंट जवळ उभा केला की अशी यंत्रे त्याकडे वळतात व आपली ओळख त्याच्या हाती देतात. २००८ मध्ये राइट व ब्रॅड अँटोनिविझ यांनी यासाठी फेरफार केलेला रेडियस सर्व्हरच प्रसिद्ध केला. २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक व डेव्हिड हल्टन यांनी पीपमधील नित्याची परवली-पद्धती ५६ बिटांच्या एका जुन्या कूट-किल्लीच्या शोधाइतकी सोपी करून दाखविली. तेव्हापासून परवलीचा शब्द अवघड असणे हा पुरेसा बचाव राहिला नाही. कोणत्या अधिकाऱ्याने दिलेले व कोणत्या नावाचे प्रमाणपत्र मान्य करावयाचे, हे प्रत्येक यंत्रावर संस्थेनेच आगाऊ निश्चित करून ठेवावे लागते. निर्णय वापरकर्त्यावर सोपविल्यास व्यवस्था निष्फळ ठरते. व्यावसायिक जाळ्यांत ज्या त्रुटी सर्वाधिक हानिकारक ठरतात, त्यांत ही अग्रगण्य मानावी लागेल. गणित बिनचूक असूनही ती उद्भवते.

अलीकडील प्रगती : ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठातील मॅथी व्हॅनहूफ व फ्रँक पीसेन्स यांनी डब्ल्यूपीए-२ मधील चार संदेशांच्या देवघेवीत दोष शोधला. तिसरा संदेश पुन्हा पाठविल्यास यंत्र वापरलेलीच किल्ली नव्याने बसविते व जुने आकडे पुन्हा मोजू लागते. एकच माळ दोनदा वापरली जाण्याचा वेपचा दोष अशा रीतीने वेगळ्या वाटेने परत आला; मात्र आज्ञासंचांतील दुरुस्तीने तो दूर करता आला. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ मध्ये सामायिक शब्दासाठी नवी देवघेव योजली असून तीत संवाद टिपून नंतर शब्द ताडता येत नाहीत. तिच्या प्रारंभीच्या रूपातही २०१९ मध्ये व्हॅनहूफ व एयाल रोनेन यांना उणिवा आढळल्या व त्या सुधारण्यात आल्या. जोडणी तोडण्याचे बनावट संदेश पाठविता येऊ नयेत म्हणून व्यवस्थापन-संदेशांचे संरक्षण २००९ पासून मानकात होते, ते डब्ल्यूपीए-३ ने सक्तीचे केले. व्यावसायिक रूपात अतिसंवेदनशील जाळ्यांसाठी १९२ बिटांच्या बळाचा स्वतंत्र स्तर आहे.

रेडियस मात्र या सर्व काळात जवळजवळ मूळ स्वरूपात टिकून राहिले. ॲक्सेस पॉइंट व सर्व्हर यांच्यामधील त्याचे संदेश एका सामायिक गुप्त शब्दावर व एमडी-५ या १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संक्षेपन-फलनावर विसंबून असतात. एमडी-५ चा दुबळेपणा २००४ मध्येच सिद्ध झाला होता. त्याचा उपयोग करून सर्व्हरच्या नकाराचे होकारात रूपांतर करता येते, हे जुलै २०२४ मध्ये अमेरिका व नेदर्लंड्समधील संशोधकांनी दाखविले. ईएपीच्या संदेशांना एका जादा तपासणी-घटकाची जोड पूर्वीपासूनच सक्तीची असल्याने ८०२·१एक्स वर चालणारी बिनतारी जाळी यातून बचावली; जुन्या पद्धतीने साधा परवलीचा शब्द विचारणारी साधने बचावली नाहीत. तो घटक सर्वत्र सक्तीचा करणे हा तातडीचा उपाय म्हणून सुचविण्यात आला. कायमचा उपाय म्हणून रेडियसचे सर्व संदेश टीएलएसच्या सुरक्षित मार्गातून पाठविण्याची पद्धत सांगितली जाते. तिचे वर्णन २०१२ पासून उपलब्ध असून एज्युरोमच्या सर्व्हरांमध्ये ती काही प्रमाणात वापरात आहे.